बाच्या हातचं कडं

तुम्ही खोटं बोललात, सर. आणि एकदाच नाही. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या आईशी बोललात, वर्गात आमच्याशी बोललात, आणि काचेच्या कपाटातल्या पाटीवर तर छापूनच ठेवलंत. तुमचं नाव मी लिहीत नाही. कॉलेजचंही नाही. तुम्ही हे वाचलंत तर तुम्हाला कळेल, आणि बाकीच्यांना नावानं काही फरक पडणार नाही.

मी तुम्हाला आठवत नसेन. माझं डोकं कदाचित आठवेल.

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. विषय मानवशास्त्र आणि पुरातत्त्व. तुमच्या हातात तो कॅलिपर होता, दोन वाकड्या पायांचा लोखंडी चिमटा, ज्यानं माणसाच्या कवटीची लांबी-रुंदी मोजतात. मोजायला कुणीतरी पुढं हवं होतं. कुणी उठेना.

"तू ये," तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "नाव काय?"

"सोजर."

"आडनाव?"

सांगितलं.

"अच्छा. म्हणजे पाटे-वरवंटे घडवणारे?"

"हो सर."

"बघा," तुम्ही वर्गाकडे वळलात, "ज्यांना भेटायला आम्ही पाठीवर सामान टाकून रानोमाळ हिंडायचो, ते आता स्वतःच्या पायानं वर्गात येतात. तुमची पिढी नशीबवान आहे."

वर्ग हसला. मला स्टुलावर बसवलंत. चिमट्याचं एक टोक कपाळावर, एक मागं. मग दोन्ही कानांच्या वर. आकडे मोठ्यानं सांगितलेत, पोरांनी उतरून घेतले, रुंदीला लांबीनं भागून माझं डोकं कुठल्या प्रकारात बसतं ते काढलं. माझ्याशेजारी बसणारी ऋजुता मी परत येताना कानात म्हणाली, "बरं झालं डोकं घेऊन आलीस. मला वाटलं, ठेवून घेतात की काय."

मी हसले. ऋजुता वाईट नव्हती. शहरातली होती, डबा उघडला की आधी माझ्यापुढं करायची.

पण स्टुलावर मी इतकी गप्प का बसले होते, ते तुम्हाला तेव्हा कळलं नाही. तुम्हाला वाटलं, बुजलीय. तुमच्या खांद्यावरून मला समोरच्या खोलीतलं काचेचं कपाट दिसत होतं. त्यात दोन मडकी होती, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आणि दोन्हींच्या मधे दगडाचं कडं.

ते कडं माझ्या बानं घडवलेलं होतं. मडक्यांत माझी बहीण होती. तिला घरी न्यायला मी तुमच्या कॉलेजात आले होते. शिकायला नंतर.

*

आमची वस्ती नदीकाठच्या पांढरीवर होती. पांढरी म्हणजे जुनं गाव मोडून झालेलं टेकाड, माती राखेसारखी पांढुरकी. गावातल्या कुणाला तिथं राहायचं नव्हतं म्हणून आम्हाला राहू दिलेलं. बा पाटे-वरवंटे घडवायचा, आई डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची, जुन्या पाट्यांना टाकी, म्हणजे छिन्नी, लावून द्यायची. घरात आमची बोली वेगळी, बाहेर मराठी. इथं सगळं मराठीतच लिहिते.

माझ्या पाठीवर एक मुलगी झाली. दात यायच्या आतच गेली. ताप आला आणि गेली, इतकंच. आमच्या वस्तीत दात न आलेलं लेकरू जाळत नसत आणि मसणातही नेत नसत. दोन मडक्यांत निजवायचं, तोंडाला तोंड लावायचं, आणि झोपडीच्या दारातच पुरायचं. येता-जाता आईचा पाय त्या मातीवर पडला पाहिजे. म्हणजे लेकराला घर कळतं, ते लांब भटकत नाही.

घरात मडकी दोन होती, पण लहान-मोठी. तोंडं जुळेनात. तेव्हा बा दारात बसला आणि दगडाचं कडं घडवलं, लहान भाकरीएवढं, एका बाजूनं एका तोंडात बसेल आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यात. मी शेजारी बसून बघत होते. टाकीचा आवाज तेवढा चालू होता. काठावर त्यानं टाके मारले, पाट्यावर मारतात तसेच, मधे एक जागा मोकळी सोडून. प्रत्येक पाट्यावर तो अशी एक जागा सोडायचा. त्याच्या कामाची ती खूण होती.

मग पुढं कधीतरी साहेब लोक आले आणि निळा फलक लावून गेले. ही जागा जुनी आहे, सरकारच्या ताब्यात आहे, इथला दगडही कुणी हलवायचा नाही. आम्हाला खाली माळावर हलवलं. आई त्या साहेबाच्या मागं मागं गेली. "सायेब, झोपडं ऱ्हाऊ द्या. एक मडकं तेवढं काढून घिऊ द्या." साहेब म्हणाला, "बाई, इथल्या मातीला हात लावलात तर आत जाल." आई आत जायला भीत नव्हती. बा भ्याला. तो तिला ओढत खाली घेऊन आला.

आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही आलात. टोप्या, दोऱ्या, चाळण्या, तंबू. तुमच्याबरोबर पोरं-पोरी होती, कॉलेजातली. आई रोज माळावर काम टाकून वर बघत बसायची. तुमचा चौकोनी खड्डा हळूहळू आमच्या दाराकडे सरकत होता.

ज्या दिवशी तुम्ही मडकी उचललीत, त्या दिवशी मी आईबरोबर होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. मडक्यांना ओल्या पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून तुम्ही फळीवर घेतलीत, अगदी जपून. मी ते नाकारत नाही, तुम्ही फार जपून घेतलीत. आई पळत गेली. दोरीपाशी पहारेकऱ्यानं अडवलं.

"माझी हाय ती," आई म्हणाली. "माझी पोरगी हाय."

तुम्ही स्वतः आलात. रागावला नाहीत. समजावलंत.

"मावशी, ही तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. त्या काळी लोक असंच पुरायचे. तुमची कशी असेल?"

"म्या पुरलीय, सायेब."

"असं वाटतं माणसाला," तुम्ही म्हणालात, आणि मागं वळून पोरांना म्हणालात, "लिहून घ्या. स्थानिक लोक प्राचीन दफनांशी असं नातं जोडतात."

ते तुमच्या पुस्तकातही आलं. मी वाचलंय.

*

मी कॉलेजात गेले तेव्हा बा राहिला नव्हता. दगडाची धूळ छातीत बसली की माणूस फार टिकत नाही. आई होती, पण तिच्या अंगावरून जायला लागलं होतं, थांबायचं नाव नाही. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, पिशवी काढावी लागेल, लवकर काढा, नाहीतर हाताबाहेर जाईल.

आई नाही म्हणाली.

"आये, मरशील," मी म्हणाले.

"पिशवी म्हंजी तिचं घर. ती अजून भाईरच हाय. घर मोडू कसं?"

"आता बा नाही. ती परत कशी येणार तुझ्या पोटी?"

"यायचं न यायचं तिचं ती बघंल. म्या घर मोडायची न्हाई. तिला आधी दारात आन. एकदा दारात ठिवली की मंग तिला ठाव ऱ्हाईल. मंग काढू दे त्या बाईला काय काढायचं ते."

माळावरच्या आमच्या नव्या खोलीला समाजकल्याणच्या योजनेतून फरशी बसली. आईनं दारातली एवढी जागा फरशीवाल्याला करू दिली नाही. मोकळी माती ठेवली. तो म्हणाला, "आजी, इथं पावसाचं पाणी आत यील." आई म्हणाली, "येऊ दे. पान्याला वाट ठावी हाय, ते आपलं जाईल. तू तुझं काम कर."

मी सुट्टीला गेले की दारातच विचारायची, "दिसली का?"

"मडकी दिसली."

"आन ती?"

"कपाटाला कुलूप आहे. मडक्यांच्या आत दिसत नाही."

"तुझं शिकनं कुठवर आलं?"

"चाललंय."

"मंग कुलुपाचंबी शिक की."

*

तुमचा थरांचा तास मला शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही चांगलं शिकवायचात, हे मला मान्य करावंच लागेल, आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. तुम्ही फळ्यावर जमीन उभी कापून दाखवलीत. वर काळी माती, खाली राख, त्याखाली पिवळसर, तळाला मुरूम. खालचं ते जुनं, वरचं ते नवं. पुरातत्त्वाचं पहिलं अक्षर हेच, म्हणालात.

मी हात वर केला. "सर, आजच्या माणसानं वरून खड्डा खणला आणि खाली काही ठेवलं, तर ते जुन्या थरातच सापडेल ना? मग ते जुनं धरायचं?"

तुम्ही खूश झालात. "हा खरा प्रश्न. नाही धरायचं. खड्डा खणला की थर तुटतो. भरताना माती मिसळते. रंग बदलतो. खड्ड्याची कड वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसते."

"सगळ्यांना दिसते?"

"ज्याला दिसत नाही त्यानं विहिरी खणाव्यात. या विषयात येऊ नये."

वर्ग हसला. मीही हसले.

तास संपल्यावर मी जिन्यापाशी गेले. तिथं भिंतीवर उत्खननाचा मोठा फोटो लावलेला होता. दोन मडकी खड्ड्यात, शेजारी मोजपट्टी, आणि मागं खड्ड्याची उभी भिंत. ऋजुता मागून आली.

"काय बघतेस?"

"कड."

"कुठली कड?"

मी बोटानं दाखवली. पांढऱ्या मातीत काळसर मातीचा पट्टा, अगदी वरच्या गवतापासून निघून मडक्यापर्यंत आलेला. घागरीच्या आकाराचा. बाच्या कुदळीचा.

"अय्या, खरंच की," ऋजुता म्हणाली. "सरांना सांग ना. खूश होतील."

*

कपाटाच्या किल्ल्या देवकुळे मॅडमकडे असायच्या. तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे दर वर्षी नव्यानं मुलाखत द्यायची आणि तुमच्या सहीची वाट बघायची. उत्खननाच्या वेळी त्या तुमच्या विद्यार्थिनी होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही असणार.

तुम्ही कुठल्याशा परिषदेला गेला होतात. मी आईला घेऊन आले. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सोबत एक नवं टोपडं होतं, पिवळं, फडक्यात गुंडाळलेलं. मी विचारलं, हे कशाला. म्हणाली, "उघडी न्यायची का?"

कॉलेजच्या फाटकापासून विभागापर्यंत ती दोन ठिकाणी बसली. रक्त जाऊन जाऊन अंगात काही उरलं नव्हतं.

"मॅडम, ही माझी आई," मी म्हणाले. "कपाट बघायचंय तिला."

"बघू दे की," मॅडम म्हणाल्या. "या मावशी. शाळेतली मुलंसुद्धा येतात बघायला."

आई कपाटापुढं उभी राहिली. तिनं मडक्यांकडे बघितलंच नाही. काचेवर बोट ठेवलं, कड्यासमोर, आणि ते बोट काठावरून टाक्यांच्या रांगेनं फिरवत नेलं. मोकळ्या जागेपाशी थांबली.

"त्यांनी हितं सोडली बघ," ती मला म्हणाली. "नेहमीसारखी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"खाली काय लिवलंय?" आईनं विचारलं.

मी वाचलं. "विधीचे दगडी कडे. नेमका उपयोग अज्ञात."

"अज्ञात म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही."

"मंग इचारायचं की. म्या खालीच तर राहत व्हते."

मॅडम हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ही बाई आईला ओळखतेय. दोरीपाशी बघितलेली आहे तिनं.

"बाय, उघड की जरा," आई म्हणाली. "म्या काय पळवून न्हेत न्हाई. नुसती बघती."

मॅडमनी किल्ली काढली. का काढली ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांना नकार देता आला असता, सरांची परवानगी आणा म्हणता आलं असतं. त्यांनी कपाट उघडलं, कडं बाजूला केलं, आणि मागं सरकल्या.

आईनं फडकं सोडलं, टोपडं हातात घेतलं आणि मडक्यात बघितलं. मग दुसऱ्यात बघितलं. आत कापूस होता. मडक्याला आतून तडा जाऊ नये म्हणून भरलेला पांढरा कापूस.

"ह्यात न्हाई ती," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सोजर, इचार ह्यांना. कुठं काढून ठिवलीय?"

मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. आई कपाटापाशी खाली बसली, टोपडं मांडीवर घेऊन.

*

"मी तुला काही सांगितलं नाही, असं तू कबूल कर," मॅडम म्हणाल्या.

"केलं."

"त्या बाळाला दात नव्हते. जबड्याच्या आत कळे होते नुसते. तेच काढून तपासायला पाठवले, किती वर्षांपूर्वीचे ते ठरवायला. त्याची पूड करावी लागते. मीच घेऊन गेले होते प्रयोगशाळेत."

"मग?"

"निकाल आला. आधुनिक."

मला आधी अर्थ लागला नाही. "आधुनिक म्हणजे?"

"म्हणजे आजचं, सोजर. आत्ताचं. तुझी आई खरं बोलत होती, असा निकाल आला."

जिन्याच्या भिंतीवर तो फोटो होता. त्यात ती कड होती. मी तिच्याकडेच बघत होते.

"पण तोवर सरांचा निबंध छापून आला होता," मॅडम म्हणाल्या. "पेपरात बातमी आली होती. बाहेरच्या देशातून पत्रं आली होती. सर म्हणाले, नमुना खराब झाला असेल. पुन्हा तपासायला पाठवू म्हणाले. पाठवलं नाही."

"हाडं कुठं आहेत?"

"निकाल आला त्याच आठवड्यात सर खोकं घेऊन गेले. म्हणाले, याची आता संग्रहात गरज नाही."

"कुठं नेलं?"

"मी विचारलं नाही."

"का नाही?"

त्या खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी मुलाखत आहे गं पुढच्या महिन्यात."

मी त्यांना माफ केलं की नाही, हा प्रश्न इथं नाही. त्यांनी निदान कपाट उघडलं.

एसटी स्टँडवर मी आईला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तिला नंतर कधी कुणाकडून कळलं असतं तर तिच्यासाठी मी उरले नसते. गाडीला वेळ होता. ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि ऐकत होती.

"म्हंजी जुनी निघाली न्हाई म्हनून टाकली?"

"हो."

"आन जुनी असती तर?"

"तर ठेवली असती."

मग ती अगदी साधं विचारल्यासारखं म्हणाली, "जुनी व्हायला किती दिस लागत्यात गं?"

मी तुमच्या विषयाची विद्यार्थिनी होते, सर. मी उठून गाडी लागली का ते बघून आले.

"बरं," ती म्हणाली, "हाडं गेली तर गेली. टाकली तिथली माती तरी आन. पसाभर बास हाय. तेवढी दारात घालते. पर तिथलीच आन. कुठली बी उचलून मला फसवू नगंस."

*

तुम्ही परत आलात त्या दिवशी मी तुमच्या केबिनमध्ये आले. आता तरी आठवलं असेल.

"ये. काय गं?"

"सर, हाडं कुठं आहेत?"

"कुठली?"

"मडक्यातली. तपासणीत आजची निघाली ती."

तुम्ही उठून दार लावलंत. परत येऊन बसलात. "कुणी सांगितलं?"

"फोटोत कड दिसते. तुम्हीच शिकवलंत."

मला वाटलं, आता ओरडणार. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "हुशार आहेस. म्हणूनच सांगतो. उत्खननात हजार गोष्टी निघतात. काही ठेवायच्या असतात, काही नाही. ती जुनी नव्हती. मग तिचं इथं काय काम?"

"मग आम्हाला द्यायची."

"दिली असती तर?"

"तर माझ्या आईनं ऑपरेशन करून घेतलं असतं."

हे तुम्हाला समजलं नाही. मी समजावून सांगितलं. दाराचं, पिशवीचं, सगळं. ऐकता ऐकता तुमचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला, सर. तुम्ही लिहून घेणार होतात. मी बघितलं. माझी नजर गेली तेव्हा तुम्ही हात मागं घेतलात.

"मला वाईट वाटतं," तुम्ही म्हणालात. "खरंच. पण ती हाडं परत दिली असती तर सगळं मान्य केल्यासारखं झालं असतं. एका चुकीपायी सबंध विभाग बुडाला असता. तुझ्यासारख्या मुली मग कुठं शिकल्या असत्या?"

"मी हाडं मागत नाही. टाकली तिथली माती मागतेय. जागा सांगा."

"आईला शहाणपणानं समजव. तू आता शिकतेस."

"जागा सांगा, सर."

"इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं?"

"तुम्हाला तीन हजार वर्षांचं आठवतं."

तुम्ही उठून दार उघडलंत. बाहेर दोन पोरं सहीसाठी उभी होती. त्यांच्यासमोर तुम्ही मला विचारलंत, "तुझी हजेरी भरते ना गं? बघून घे. परीक्षेला बसायला अडचण नको."

मी परीक्षेला बसले नाही. पुढं जे काही शिकले ते कॉलेजाबाहेर, मिळेल ते वाचून. लिहायलाही असंच शिकले, म्हणून हे असं ओबडधोबड आहे.

*

विभागाच्या मागं कचरा जाळायची जागा होती. मी ती बघून आले. नदीच्या पुलाखाली गेले. पांढरीवर तुमच्या चाळणीच्या मातीचा ढीग अजून होता, त्यावर बाभळी उगवल्या होत्या, तिथंही जाऊन बसले. प्रत्येक ठिकाणी वाटायचं, हीच असेल. आणि लगेच वाटायचं, नसेल. ओंजळ भरून पुन्हा खाली टाकायची.

शेजारच्या गंगव्वा काकू म्हणाल्या, "अगं, न्हे की कुठलीबी. मरत्या मानसाचं समाधान. तिला काय कळतंय?"

मी नेली नाही. आई आयुष्यभर एकच खरं वाक्य बोलत आली होती आणि सगळ्यांनी तिला वेडी ठरवलं होतं. तिच्याशी खोटं बोलणारी आणखी एक मी व्हायचं?

दवाखान्यातली बाई घरी येऊन बोलून गेली. "मावशी, आता तरी ऐका." आई म्हणाली, "पोरगी तपास लावतीय. जरा दम धरा." शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं, तेव्हा तिनं खाट दाराकडे सरकवून घेतली. दारातल्या मोकळ्या मातीवर हात सोडून पडून राहायची. कुणी आत यायला लागलं की म्हणायची, "पाय देऊन या. तिथंच देऊन या."

तिथं खाली काहीच नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी म्हणायची.

त्या उन्हाळ्यात ती गेली. टोपडं तिच्याबरोबर दिलं. दुसरं काय करणार?

आता पांढरीला तारेचं कुंपण आहे. फाटकावर मोठा फलक आहे, त्यावर त्या दोन मडक्यांचा फोटो, आणि खाली तेच, तीन हजार वर्षं. सहलीला शाळा येतात. तुम्ही निवृत्त झालात, तुमचा सत्कार झाला, तो मी पेपरात बघितला. तुमच्या मागं भिंतीवर तोच फोटो होता. कड स्पष्ट दिसत होती. व्यासपीठावर एवढी जाणती माणसं, एकालाही दिसली नाही.

मला तुमची माफी नको. फलक बदला असंही मी म्हणत नाही, तुम्ही बदलणार नाही. कडंही ठेवा तुमच्याकडेच. माझ्या दारातली जागा मी अजून फरशी न घालता ठेवलीय. पावसाळ्यात पाणी आत येतं, मी पुसून घेते.

तुम्ही थकला असाल आता. पण डोकं शाबूत असेल. तुम्ही खोकं उचललंत, जिना उतरलात, बाहेर पडलात. डावीकडे वळलात की उजवीकडे? खोक्यासकट टाकलंत की उलटं केलंत? पाण्यात, उकिरड्यात, का नुसतं रस्त्याकडेला? तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत नाही, आणि तुम्ही गेलात की कुणालाच राहणार नाही.

माझी बहीण कुठं टाकलीत, सर? जागा सांगा.